पाचवं ‘का’

नागोयाहून मेल आला : एक हाउसिंग रिजेक्ट.
बावीस हजारांतलं एक.
फोटोत लाल बाण, बाणाच्या टोकाला भोक
मोहरीएवढं. छे, राजगिऱ्याएवढं.
खाली अदबीनं लिहिलंय, तसदीबद्दल क्षमस्व,
आणि सोबत कोरा तक्ता : पाच वेळा ‘का’.

शिरोलीत रात्रपाळी आत यायची वेळ.
चहाच्या ग्लासानं कागद दाबून बसलोय.

भोक का पडलं?
वाफ अडकली. हे सोपं.
लोखंड साच्यात उतरलं की वाळूतल्या पाण्याला
पळायला वाट लागते, नाहीतर ते तिथंच बसतं फुगून
रुसलेल्या पावण्यासारखं.

वाफ का अडकली?
वाळू ओली. साडेतीनच्या जागी चार पूर्णांक दोन.

ओली का?
मीटर बंद पडला, दस्तगीर मुजावरनं हातानं पाणी मारलं.
बत्तीस वर्षं तो मुठीत वाळू आवळतो,
मूठ उघडली की ढेकळावर बोटांचे ठसे,
ठशांवरनं आकडा सांगतो,
आणि मीटर मागनं येऊन हो म्हणायचा.
त्या रात्री ठसे होते. त्याला दिसले नाहीत.

का दिसले नाहीत?
सलग तिसरी पाळी होती.
हे लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

मार्गशीर्षात हिरोसेसान आले होते.
गेटपासून फर्नेसपर्यंत चालताना
वाटेतला एक नट त्यांनी उचलला, रुमालानं पुसला,
आणि आमच्या मालकांच्या हातावर ठेवला, प्रसाद द्यावा तसा.
एक शब्द नाही.
ज्यांची हाक उद्यमनगरात ऐकू जाते ते मालक
दिवसभर मूठ मिटून फिरले.

मग जमिनीवर पिवळे पट्टे आले,
फळीवर पान्ह्यांच्या सावल्या रंगवल्या,
पाना नसला की सावली चहाडी करते.
खोटं कशाला बोलू, मला आवडलं.
सोळा नंबरचा पाना हुडकण्यात
माझी उमेदीची वर्षं गेलीत.
शिदगोंडा तेवढा रोज विचारतो, “कायझेन झालं का?”
“काय जेवण? भाकरी आणि झुणका.”
वैजयंतानं सगळं ऐकून घेतलं,
मिसळणाचा डबा उघडून पुढं सरकवला :
सात वाट्या, प्रत्येकीची जागा ठरलेली.
“ह्यात जपान कुठं आलं?”

जाताना दुभाष्याकरवी हिरोसेसाननी विचारलं होतं,
इथली माणसं दुपारी घरी जेवायला जातात का अजून?
जवळची जातात, म्हटलं.
त्यानंतर बराच वेळ
त्यांच्या वहीत काही उतरलं नाही.

राहिलं पाचवं.
तिसरी पाळी का?
जोडीचा पोरगा चाकणला गेला, दोन हजार जास्त म्हणून.
दोन हजार आम्ही का दिले नाहीत?
दरसाल तीन टक्के भाव उतरवायचा करार आहे म्हणून.
माल आठवड्याला नको, रोज हवा, मोजून हवा,
तुमचं गोदाम मोकळं राहावं
म्हणून आमच्या रात्री भरल्या, हिरोसेसान.

रकान्यात एवढं मावत नाही.
मावलं असतं तरी…
मी लिहिलं : ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले.

दस्तगीरनं चष्मा लावून सही केली,
उर्दूत शिकलेली, मराठीत करायची, सावकाश.
“चुकलं ते चुकलं,” म्हणाला. “फोटो दाव.”
दोन बोटांनी भोक मोठं केलं,
पार आभाळाएवढं, काळं.
“हे ज्यानं धरलं त्येची नजर बघ.
त्यो कितव्या पाळीला हुता, लिवलंय का कुठं?”

नव्हतं.

“मीटर झाला का?”
“पार्ट यायचाय.”
“कुठनं?”
“तिकडनंच.”

तो हसला, बाह्या सारल्या,
मिक्सरमधनं मूठभर वाळू घेऊन आवळली
आणि दिव्याखाली धरली.
पाळीचा भोंगा झाला.
मूठ अजून बंद होती.